राखणदारालाच चोर म्हणू नका

मा. संपादक,
स.न.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत पी५३ या जीनवर (जनुकावर) छोटी बातमी आली, आनंद झाला, पण वर हेडिंग दिलंत 'कॅन्सरचा जीन' आणि तिथेच घोळ झाला. आमची आत्या चुलीशी मशेरी भाजत बसली होती, तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर परतायची नि मग हाताने चुरायची, रोजचंच तिचं, ते हेडिंग वाचून मला म्हणते, "जीनातच आसा तर मशेरी सोडून काय होतला?" मला पटकन उत्तरच देता येईना.

अहो पी५३ कॅन्सर करत नाही, अडवतो! १९७९ ला सापडला तेव्हा शास्त्रज्ञांनाही तो कॅन्सर घडवणाराच वाटलेला, १९८९ च्या सुमारास कळलं की हा तर राखणदार.

आत्याला मग मी आढीवरून सांगितलं. आढी लावताना आंबा हातात घेऊन बघतो, डागी असला तर बाजूला, नासका असला तर सरळ बाहेर, नाहीतर शेजारचे पण नासतात. पेशीत हे काम पी५३ चं, म्हणजे या जीनपासून बनणाऱ्या त्याच नावाच्या प्रोटीनचं. एरवी एमडीएम२ नावाचं दुसरं प्रोटीन त्याला सारखं मोडत असतं म्हणून तो थोडाच असतो, पण डीएनएला इजा झाली की तो साठतो आणि दुसरे जीन चालू करतो, त्यातला पी२१ पेशीचं विभाजन थांबवतो म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो, आणि दुरुस्तीपलीकडे गेलं असेल तर बॅक्स, प्युमा असे जीन चालू होऊन पेशी स्वतःच मरते. किती शहाणी व्यवस्था आहे ही!

माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हाच जीन बिघडलेला सापडतो. तो बिघाड जन्मापासून असलेली घराणी फार थोडी, बहुतेकांचा नंतरच होतो. सिगारेटच्या धुरातलं बेंझोपायरीन नावाचं रसायन या जीनच्या ठराविक जागी जाऊन चिकटतं आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिघाडही नेमका तिथेच जास्त दिसतो, हे १९९६ ला दाखवलं गेलंय. मशेरीला धूर नाही म्हणून ती निर्धोक असं आमच्याकडे बायका सर्रास धरून चालतात, पण तंबाखू भाजली तरी तंबाखूच, तिच्यातली नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं हिरड्यांना रोज लागतात आणि डीएनएला इजा करतात.

म्हणजे आत्याला उत्तर हेच, की सोडून खूप काही होतं.

तेवढं हेडिंग दुरुस्त करून परत छापा, आणि मोठ्या अक्षरात छापा, आमच्या वाडीत बऱ्याच जणी फक्त हेडिंगच वाचतात.

— एक विज्ञान शिक्षिका, देवगड