त्सुमागो आणि गुहागरचं घर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू काढून दिलेल्या तिकिटांवर आम्ही नागोयाहून नाकात्सुगावाला आणि तिथून बसने मागोमेला नीट पोचलो. बॅगा तिथल्या पर्यटन कचेरीत दिल्या की संध्याकाळी पुढच्या गावात मिळतात, हे कळल्यावर बाबांची गुडघ्याची सबब संपली. मग त्सुमागोपर्यंतचे आठेक किलोमीटर चालत गेलो. खिंडीपर्यंत चढ, पुढे सगळा उतार. अस्वलं लांब राहावीत म्हणून वाटेत घंटा टांगल्यात. देवळात शिरल्यासारखे बाबा प्रत्येक घंटा वाजवत गेले. मधे एका जुन्या घरात चहा फुकट देतात. तिथे बराच वेळ बसलो.

मागोमे सुंदर आहे, पण १८९५ आणि १९१५ मध्ये आगी लागून बरंचसं जळालं आणि पुन्हा बांधलं गेलं. मला आवडलं ते त्सुमागो. रस्त्यावर विजेच्या तारा नाहीत, त्या घरांच्या मागून नेल्यात. दिवसा गाड्यांना बंदी. गावात शिरताना रस्ता मुद्दाम काटकोनात वळवलाय, शत्रूला सरळ घुसता येऊ नये म्हणून.

एदो म्हणजे आताचं तुझं टोकियो. तिथून क्योतोला डोंगरातून जाणारा हा नाकासेंदो रस्ता. त्यावरच्या ६९ मुक्कामांपैकी त्सुमागो ४२वा. सरदारांना ठरावीक काळ एदोत शोगुनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्याच्या, नजरेखाली राहावं लागे, त्यामुळे त्यांचे लवाजमे सतत ये-जा करत. त्यांच्यासाठी प्रत्येक मुक्कामी माणसं आणि घोडे तयार ठेवायचे. या किसो खोऱ्यातल्या गावांना पंचवीस माणसं आणि पंचवीस घोडे असा नेम होता. १८६१ मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी लग्नाला याच वाटेने गेली. एवढी वरात गावावरून जायची म्हणजे गावकऱ्यांचे काय हाल झाले असतील!

ओकुया नावाचं घर मात्र तू बघच. प्रमुख उतारूगृह भरलं तर पाहुण्यांची सोय इथे व्हायची. आत जमिनीत खणलेली चौकोनी चूल, वर टांगलेली किटली आणि धुराने काळ्याभोर झालेल्या तुळया. त्या धुरानेच लाकडाला कीड लागत नाही. चुलीभोवती कोणी कुठे बसायचं तेही ठरलेलं, कर्त्या पुरुषाची जागा सगळ्यात मानाची. सुनेची जागा कुठे, हे मी विचारलं नाही, आपल्याला माहीत आहे. आताचं घर १८७७चं, सगळं हिनोकीचं लाकूड. त्याआधी हे झाड तोडायची सामान्यांना बंदी होती. ‘एक झाड, एक मुंडकं’ अशी म्हणच आहे तिकडे. राजवट बदलली, बंदी उठली, आणि मालकाने हौस भागवून घेतली. मला तो माणूस फार आवडला.

आता मुद्द्याचं. गुहागरचं घर विकू नका, असं तू फोनवर तावातावाने बोललीस, त्यावर मी तिथे फिरताना विचार करत होते. त्सुमागो टिकलं ते आधी कोणाला नको होतं म्हणून. १९११ मध्ये रेल्वे नदीच्या कडेने गेली, गाव बाजूला पडलं, तरुण पोरं शहरात गेली. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. १९६८ मध्ये डागडुजी सुरू झाली आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनी मिळून ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारने गावाला संरक्षित दर्जा दिला तो त्यानंतर, १९७६ मध्ये.

पण हे ठरवणारी माणसं त्याच घरांत राहत होती. छपरं गळायची ती त्यांच्याच डोक्यावर. ‘विकायचं नाही’ म्हणजे चांगला भाव आला तरी सोडायचा, आणि मुलांनाही त्यात बांधून घालायचं. मला ते थोडं जाचकही वाटलं, खरं सांगते.

आपण काय करतो? तू टोकियोत, आम्ही पुण्यात, आणि पावसाळ्याआधी कौलं परतून घेतो तो एकटा तुझा काका. तो ‘विकू’ म्हणाला की आपण सगळे गहिवरून बोलतो. बाबासुद्धा. त्यांनी गेल्या वर्षी पडवीच्या वाशांचे पैसे पाठवायला गणपती ते दिवाळी लावली.

जेवणाचं विचारलं होतंस. मुक्कामाच्या घरी नदीतला मासा अख्खा समोर आला, तो बाबांनी माझ्याही वाटणीचा संपवला. मी गोहेइ-मोची खाल्ली: भात चेचून काठीला थापतात, वर अक्रोड घातलेलं गोडसर वाटण लावून निखाऱ्यावर भाजतात. खमंग लागते.

दिवाळीत येशील तेव्हा काकासमोर बसून बोलूच. ‘विकू नका’ म्हणणार असशील, तर वर्षातले किती दिवस तिथे राहणार आणि कौलांच्या खर्चातला तुझा वाटा किती, हे ठरवून ये. मी बाबांनाही तेच सांगितलंय.

तुझी,
आई