माशाचे तोंड आणि माशाचे पोट

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उष्ण कटिबंधातील ओढ्यांमधल्या माशांविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला आणि आवडला. मात्र लेखाशेजारच्या चौकटीत जो सरसकट नियम दिला आहे, की तोंड वर वळलेले असेल तर मासा पृष्ठभागावरचे कीटक खातो, टोकाशी असेल तर मधल्या थरातले भक्ष्य टिपतो आणि खालच्या बाजूस असेल तर दगडावरचे शेवाळ खरवडतो, त्याविषयी प्राणिशास्त्राचा जुना शिक्षक म्हणून लिहिणे भाग आहे. नियम खोटा नाही. पण मासा काय खाऊ शकतो एवढेच तो सांगतो. प्रत्यक्षात काय खाल्ले, हे माशाच्या पोटातच शोधावे लागते.

शरीराची साक्ष भक्कम असते, हे आधी मान्य करतो. खळाळत्या पाण्यातला मळ्या हा मासा घ्या, ज्याचे 'गारा मुल्या' हे शास्त्रीय नावही या मराठी नावावरूनच पडले. त्याची पोटाकडची बाजू चपटी, छातीचे पर आडवे पसरलेले आणि खालच्या ओठामागे एक मांसल चकती, जिच्या आधाराने तो दगड धरून राहतो. विच्छेदनाच्या ताटलीत त्याचे पोट उघडले की घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घातलेले, शरीराच्या कित्येक पट लांबीचे आतडे उलगडत जाते, आणि त्यातला हिरवट-तपकिरी लगदा काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर डायटम या सूक्ष्म शेवाळाची कवचे आणि वाळूचे कण दिसू लागतात. तशाच दगडाला चिकटून राहणारा ग्लिप्टोथोरॅक्स हा मांजरमासा मात्र छातीवरच्या वळ्यावळ्यांच्या गादीने पकड घेतो. त्याचे आतडे मांसाहाऱ्याला साजेसे आखूड असते आणि त्यात बहुधा कीटकांच्या अळ्या सापडतात. तोंड दोघांचेही खालच्या बाजूस, पण आहार अगदी निराळा. तेव्हा चौकटीतला नियम पहिल्याच ओढ्यात अडखळतो.

शिवाय अशी शरीररचना केवळ अन्नासाठी घडलेली नसते. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी वेगवान प्रवाहातील प्राण्यांवर १९३० मध्ये विस्तृत निबंध लिहिला आणि अशा रचनांचा पाण्याच्या ओढीशी असलेला संबंध तपशीलवार मांडला. हवाई बेटांवरचा गोबी जातीचा एक छोटा मासा तर ज्या हालचालीने दगडावरचे शेवाळ खातो, जवळपास त्याच हालचालीने, तोंड आणि पोटाखालची चूषक चकती आळीपाळीने टेकवत, धबधब्याचा कडा चढून जातो. त्याचे तोंड खाण्यासाठी घडले की चढण्यासाठी, हे नुसत्या आकारावरून कोण सांगणार?

मला सर्वांत बोलके वाटते ते परिसरशास्त्रज्ञ मेरी पॉवर यांनी पनामातील एका ओढ्यात केलेले काम. तिथले चिलखती सकर मासे, म्हणजे अंगावर कठीण कवच असलेले आणि तोंडाने दगडाला चिकटणारे मांजरमासे, पक्के शेवाळखाऊ. उन्हातल्या डोहांत शेवाळ अधिक वाढते म्हणून तिथे मासेही त्या प्रमाणात अधिक जमतात, आणि परिणामी सावलीतल्या व उन्हातल्या माशांच्या वाट्याला साधारण सारखेच खाणे येते. इथपर्यंत शरीररचनेने सांगितले ते खरे ठरते. पण काठालगतच्या, २० सेंटिमीटरपेक्षा उथळ पाण्यात शेवाळाचा जाड पट्टा तसाच उरलेला असतो. कोरड्या ऋतूत मासे उपाशी राहून रोडावतात, तरी त्या पट्ट्याकडे फिरकत नाहीत, कारण उथळ पाण्यात मासेमार पक्षी टपलेले असतात. खाण्याजोगे तोंड आहे, पचवण्याजोगे आतडे आहे, अन्नही हाताच्या अंतरावर आहे, आणि तरीही ते खाल्ले जात नाही. ही बाब माशाच्या कोणत्याही मोजमापात दिसत नाही. त्या १९८४ सालच्या निष्कर्षांना चौकटीत जागा असायला हवी होती.

ऋतूचेही तसेच आहे. पनामातच झारेट आणि रँड या संशोधकांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अन्न मुबलक असताना निरनिराळ्या जातींचे आहार बरेच सारखे आढळले. कोरड्या ऋतूत ओढा आटला, अन्न कमी झाले, तेव्हा प्रत्येक जात आपापल्या वाटेने गेली. शरीरे मात्र दोन्ही ऋतूंत तीच होती.

हा केवळ पुस्तकी काथ्याकूट नव्हे. वर वळलेल्या तोंडाचा गॅम्बुशिया हा छोटा मासा 'डास खाणारा' म्हणून विसाव्या शतकात जगभरच्या पाण्यात सोडण्यात आला. डासांच्या अळ्या तो खातो हे खरेच, पण स्थानिक माशांची अंडी आणि पिल्ले, बेडकांचे डिंभ हेही तो सोडत नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण म्हटले आहे. त्यातील तक्त्यात तोंड आणि आतड्याच्या शेजारी ऋतू व पाण्याची खोली असे आणखी दोन रकाने घालावेत, आणि ज्या माशाचे पोट कोणी तपासलेलेच नाही, त्याच्या आहाराचा रकाना कोरा सोडावा, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक