खेतडीच्या डोंगरामागचं तांबं: केंद्रीय पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय पर्यटनमंत्री,
भारत सरकार

विषय: राजस्थानातील खेतडी, खेतडीनगर, कोलिहान आणि सिंघाना ही तांब्याची गावं एकत्र पाहता यावीत याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझं माहेर पुण्याच्या कसबा पेठेतलं, तांबट आळीला लागून. तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने होणाऱ्या मठारकामाचे ठोके ऐकतच मी लहानाची मोठी झाले. चिंच लावून हंडा घासताना एकदा वडिलांना विचारलं, तांबं येतं कुठून? ते म्हणाले, मोडीतून, म्हणजे जुन्या भांड्यांतून. मोडीच्याही आधी कुठून, हे बघायला जाईपर्यंत साठी उलटली. गेल्या हिवाळ्यात झुंझुनू जिल्ह्यात चार दिवस राहून आले. तिथं जे पाहिलं, त्यासाठी हे पत्र.

खेतडीला आपल्याकडची माणसं जातात ती स्वामी विवेकानंदांसाठी. १८९१ मध्ये राजा अजितसिंहांची आणि त्यांची अबूला भेट झाली आणि त्याच वर्षी स्वामीजी खेतडीला येऊन राहिले. ‘विवेकानंद’ हे नावही राजानेच सुचवलं, असं सांगतात. ३१ मे १८९३ रोजी स्वामीजी अमेरिकेसाठी मुंबईहून बोटीत बसले, तेव्हा राजाने आपले मुन्शी जगमोहनलाल यांना मुंबईपर्यंत सोबत धाडलं होतं. स्वामीजींच्या आईला दरमहा शंभर रुपयेही या राजाकडून जात. ज्या वाड्यात स्वामीजी राहिले, तो आज रामकृष्ण मिशनकडे आहे. अजितसिंहांच्या आधीच्या काळात मोतीलाल नेहरूंचे थोरले बंधू नंदलाल इथले दिवाण होते, त्यामुळे मोतीलालांचं बालपणही याच गावात गेलं. वर डोंगरावर भोपालगढ, खाली पन्नालाल शाहांचा दगडी तलाव. पाहावं तेवढं थोडं.

पण माझ्यासोबत मिशनमध्ये आलेली बस दुपारी जेवण करून परत फिरली. डोंगरापलीकडे अर्ध्या तासावर तांब्याच्या खाणी आहेत, हे बसमधल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

मी सिंघान्याला गेले. जुन्या भट्ट्यांमधून निघालेल्या मळीचे, म्हणजे तांबं गाळल्यावर उरलेल्या टाकाऊ भागाचे, काळे ढिगारे तिथं अजून आहेत. एक खडा उचलला तर हात खाली गेला, इतका जड. काचेसारखा गुळगुळीत, मध्येच बुडबुड्यांची भोकं आणि एका कडेला हिरवा ठिपका. आमच्या माळ्यावरच्या न घासलेल्या घागरीवर चढायचा तोच हिरवा रंग! आईन-ए-अकबरीत सिंघान्याच्या तांब्याच्या खाणीची नोंद आहे. शेजारच्या सीकर जिल्ह्यातल्या गणेश्वरला तर साडेचार हजार वर्षांपूर्वीचे तांब्याचे बाण आणि मासे धरायचे गळ शेकड्यांनी सापडले. हडप्पाच्या लोकांना तांबं याच डोंगरांतून जात असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. सिंघान्याच्या ढिगाऱ्यांपाशी मात्र मला एक साधी पाटीही दिसली नाही.

खेतडीनगर ही १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची वसाहत. एका निवृत्त खाणकामगाराने मला ती पायी हिंडवली. त्यांनी कपाटातून खनिजाचा तुकडा काढून उन्हात धरला. करड्या दगडात पितळेसारखी पिवळी चकाकी. म्हणाले, “बहनजी, असा शंभर किलो दगड फोडला तर तांबं निघतं किलो-सव्वा किलो.” वर्षाला ३१ हजार टन तांबं काढण्याच्या क्षमतेचा कारखाना इथं होता. २००८ मध्ये तो बंद पडला. खाणीतून खनिज आजही निघतं, दळून त्याची पूड होते, पण तांब्याचा रस आता इथं ओतला जात नाही. हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला.

कोलिहानबद्दल बोलताना तर ते बराच वेळ गप्प होते. १४ मे २०२४ च्या रात्री तिथल्या खाणीत लिफ्ट कोसळून पंधरा जण खोल अडकले. चौदा जणांना सकाळी वर आणलं, एक अधिकारी गेले. चालू खाणीत पर्यटक नेता येणार नाहीत, हे मलाही पटतं. म्हणूनच वर, जमिनीवर, ही कहाणी सांगणारी जागा हवी.

माझी मागणी मोठी नाही. खेतडी, खेतडीनगर, कोलिहान, सिंघाना आणि गणेश्वर यांची एकच वाट आखा. विवेकानंदांसाठी येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तिचा नकाशा पडू द्या. खेतडीनगरात खाणकामाचं छोटं संग्रहालय करा आणि तिथं माहिती द्यायला निवृत्त खाणकामगारच नेमा, मानधन देऊन. त्यांच्यापैकी बरेच सत्तरीपुढचे आहेत, तेव्हा हे काम पुढच्या योजनेवर ढकलू नका. आणि सिंघान्याच्या मळीला आधी संरक्षण द्या. ती कुणी भराव म्हणून उचलून नेली, तर परत आणता येणार नाही.

तो खडा मी पिशवीत टाकला होता. निघताना परत होता तिथं ठेवला. पुन्हा जाईन तेव्हा तो तिथंच सापडावा, एवढी व्यवस्था आपण करावी.

आपली नम्र,
तांबट आळीची एक माहेरवाशीण, पुणे