ट्रेचा फोटो पाठव

कोल्हापूर, ३ फेब्रुवारी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी जरा जास्तच बोललो. तू मधेच फोन ठेवलास, त्यात तुझं काही चुकलं नाही. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाहीये. तिने बजावलंय, पत्रात खुशाली लिहा, शेगडीचं अक्षर काढायचं नाही. म्हणून खुशाली आधी लिहितो. आईचा गुडघा आता बरा आहे, जिना चढते. दादाचं ते काम एकदाचं मार्गी लागलं. परसातला शेवगा यंदा इतका धरलाय की गल्लीत वाटूनही शेंगा उरतात.

आता तू ऑस्ट्रेलियाहून पाठवलेला तो सहलीचा व्हिडिओ. किती वेळा पाहिला ते सांगत नाही. समुद्रकाठचं वाळलेलं गवत, अनिकेतरावांच्या हातात चिमटा, जाळीवर मटणाचे चॉप्स. मग खालून एकदम जाळ उठतो. अनिकेतराव बाटलीतलं पाणी ओततात, भस्सकन वाफ येते, जाळ आणखी वर जातो आणि तुम्ही सगळे हसता. डाव्या कोपऱ्यात लाल बूट दिसतात. ईशान शेगडीपासून दोन हातांवर उभा आहे. गडबडीत तुमच्या लक्षात आलं नसेल. मला इथून ते बूटच दिसतात.

मनू, तो जाळ बर्नरचा नव्हता. ३४ वर्षं मी बर्नर बघत आलोय. गॅसची ज्योत निळी असते, आखूड, भोकाला धरून. ही पिवळी होती, लांब जिभेची, काळा धूर सोडणारी. ही चरबीची. खालचा ट्रे भरलेला होता, आणि तो त्या दिवशीच्या चॉप्सनी भरलेला नव्हता. मागच्या दोन-तीन सहलींचं त्यात साठलं असणार.

तुला माहीत आहे, थंडीत आपल्या पांढऱ्या-तांबड्या रश्श्यावर कशी साय धरते. बोकडाचं असो की मेंढीचं, ते मेण गार झालं की दगड होतं. ट्रेमध्ये पांढरं, घट्ट, निरुपद्रवी दिसतं. म्हणून माणूस म्हणतो, राहू दे, पुढच्या वेळी काढू. पुढच्या वेळी शेगडी तापली की तेच वितळून पातळ होतं, वरून नवीन ठिबकतं, आणि तुमच्या त्या पोर्टेबल शेगडीत बर्नर आणि ट्रे यांच्यात जागाच किती, चार बोटं. मोठ्या शेगडीला तरी थोडी उसंत असते. लहान शेगडी जास्त जपावी लागते, हे लोकांना उलटं वाटतं.

काम फार नाही गं. खाणं झालं की गॅस बंद कर, सिलिंडरचाही. शेगडी हाताला सोसेल इतकी कोमट होऊ दे. उकळती असताना भाजेल, पार गार झाली तर चरबी निघणार नाही. जाळी खरवड, पण तारेचा ब्रश वापरू नकोस. त्याची केसाएवढी तार तुटून जाळीला चिकटते आणि घासातून घशात जाते. माणसांचं त्यासाठी ऑपरेशन करावं लागलेलं आहे, आणि ईशान अजून घास न चावता गिळतो. त्यापेक्षा अर्धा कांदा काट्याला टोचून कोमट जाळीवर घास, किंवा लाकडी उलथन्याने खरवड. मग ट्रे बाहेर काढ. त्यातलं सगळं जुन्या पेपरात पुसून कचऱ्यात टाक, सिंकमध्ये नाही, नाहीतर पाइप तुंबेल. गरम पाण्याने, भांड्याच्या साबणाने धू, पूर्ण कोरडा कर. ट्रेला अॅल्युमिनियमचा कागद लावत असशील तर चरबी उतरायचं भोक झाकू नकोस. जाळी बिडाची आहे, तिला वरून तेलाचा हात फिरव, आजीच्या तव्यासारखा.

आणखी एक. तिथे लोक खाणं झालं की आच मोठी करतात आणि चिकटलेलं सगळं जाळून टाकतात. जाळी त्याने साफ होते हे खरं. पण ट्रे भरलेला असताना ते करू नकोस. आधी ट्रे, मग आच.

बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात, हेही पाहत जा. शेगडी महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहिली की बघायचंच. ज्योत पिवळी, आळशी झाली की समज, आत हवा नीट जात नाहीये. मी दिलेली पितळी पिन आहे ना?

बघ, झालं भाषण सुरू. आई म्हणाली होती तसंच. माफ कर. तू आज ३१ वर्षांची आहेस, शंभर माणसांच्या कारखान्यात सेफ्टीच्या कागदावर तुझी सही लागते, आणि मी तुला ट्रे धुवायला शिकवतोय. ती सही तू दाखवलीस त्या दिवशी मी दुकान अर्धा तास लवकर बंद केलं. तू सात वर्षांची असताना सुट्टीत दुकानात यायचीस, बर्नरची पितळी निपलं भोकाच्या मापाने निवडून बिस्किटांच्या डब्यांत ठेवायचीस. एकही चुकायचं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री, पोरगी हुशार आहे. मी मान वर करायचो नाही, पण त्या दिवशी हात भरभर चालायचा.

तुमच्याकडे आलो होतो तेव्हा त्या बागेत नेलं होतंस आठवतंय? बटण दाबलं की तापणारी सरकारी शेगडी, फुकट, कुणीही वापरावी. आपल्या आधी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं खाणं झालं, नातवंडं गाडीत बसली, आणि ते एकटे थांबून पत्रा खरवडत राहिले, कागदाने पुसला, आपल्याला हाताने या म्हणाले. मला भाषा येत नव्हती, तरी मी त्यांना नमस्कार केला. परक्या माणसासाठी पत्रा पुसणारे लोक आहेत ते. तुमची तर स्वतःची शेगडी आहे.

तेव्हाच तू मला सांगितलं होतंस, तुमच्या व्हिक्टोरिया राज्यात आगबंदीच्या दिवशी गॅसची शेगडी लावायची तर भोवती ३ मीटर मोकळं लागतं, १० लिटर पाणी हाताशी लागतं आणि एक मोठं माणूस पूर्ण वेळ जवळ लागतं. फार चांगला नियम आहे. पण ते पाणी गवतासाठी धर. चरबीवर पाणी टाकायचं नाही. पाणी तळाशी जातं, तिथे त्याची वाफ होते आणि ती पेटती चरबी वर उडवते. अनिकेतरावांना सांग, मी रागावलेलो नाही, पण परत असं झालं तर आधी पोराला मागे घ्यायचं, मग नॉब बंद, हात पोचत असेल तर सिलिंडर बंद, झाकण लावायचं आणि विझेपर्यंत झाकण उघडून बघायचं नाही. २००९ च्या फेब्रुवारीत तुमच्याकडे वणव्यांत १७३ माणसं गेली. तो वणवा होता, ही शेगडी आहे, कळतं मला. तरी फेब्रुवारी लागला की ते वाळलेलं गवत डोळ्यांसमोर येतं.

एवढं का लागलंय मला, हे तुला कधी सांगितलं नाही. आईला माहीत आहे.

१९८९ साल. तुझा जन्म व्हायचा होता. एका खानावळीची भट्टी मी दुरुस्त करून दिली. नवी नळी टाकली, निपलं साफ केली, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून पाहिला, एक बुडबुडा आला नाही. काम चोख होतं. वाकलो तेव्हा भट्टीखालचा पत्रा दिसला. बोटभर किटण, ओशट, त्यात कांद्याची सालं रुतलेली. मला दिसलं, मनू. मनात आलं, मालकाला सांगावं. पण मजुरीवरून आधीच घासाघीस झाली होती, आणि मी म्हटलं, आपलं काम गॅसचं, झाडलोट त्यांची. पैसे घेतले आणि निघालो. संध्याकाळी तो पत्रा पेटला. भांडी घासणारा पोरगा होता, बारा-तेरा वर्षांचा, त्याने घाबरून बादली ओतली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मालक सगळ्यांना सांगत होता, मिस्त्रीचा दोष नाही, गॅस सुटला नव्हता. सगळ्यांनी मान्य केलं.

मी सीपीआर रुग्णालयात त्याला बघायला गेलो होतो. त्याने मला ओळखलं आणि विचारलं, काका, भट्टी चालू झाली का.

त्यानंतर एकाही घरातून मी खालचा पत्रा बघितल्याशिवाय उठलो नाही. बायका रागवायच्या, मिस्त्री आमची घाण काढतात म्हणून. मी काढत राहिलो. परवा तुझ्यावर ओरडलो तो आवाज तिथला होता. तुझ्यावरचा नव्हता.

तुम्ही सहलीला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जा. ईशानला समुद्र दाखवा, चॉप्स खा. चरबीचा काठ आधीच थोडा कापून टाकला तर ठिबकतं कमी, आणि चवीला बाधा येत नाही. शेगडी सपाट जमिनीवर ठेवा, तंबूत कधीही नाही. सिलिंडरच्या गळ्यावर तपासणीची तारीख कोरलेली असते, दहा वर्षं झाली असतील तर बदलून आणा.

आईने तुझ्यासाठी गोडा मसाला कुटलाय, सुट्टीला येशील तेव्हा ने. ईशानला म्हणावं, आबांनी लाल बूट पाहिले, छान आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. रविवारी फोन करशील तेव्हा ट्रेचा फोटो पाठव. शेगडीत असताना वरून काढू नकोस. बाहेर काढ, उजेडात धर, आणि खालच्या बाजूचाही एक काढ. तिथेच राहतं.