'आम्ही', 'आपण' आणि 'वी'

पुणे,
3 ऑगस्ट 2025

प्रिय दिल्या,

"टीव्हीवरची भांडणं ऐकायचे पैसे मिळतात का रे तुला?" असं तू फोनवर विचारलंस. मी हसून विषय बदलला, पण लागलं जरा. म्हणून हे पत्र.

यंदा 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर निघाला. 17 जूनच्या दुसऱ्या जीआरमध्ये सक्ती जाऊन 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला आणि 29 जूनला दोन्ही जीआर मागे घेतले गेले. या अडीच महिन्यांत मराठी वाहिन्यांवर झालेल्या काही चर्चा मी शब्दन् शब्द उतरवून काढल्या. मराठीसाठी घसा फोडणारेच 'आमचा स्टँड क्लिअर आहे' म्हणत होते. मला आधी नुसती गंमत वाटली आणि मी इंग्रजी शब्द मोजायला बसलो.

पहिल्याच पानावर अडलो. 'जीआर' कुठल्या भाषेचा? चर्चेत 'शासन निर्णय' म्हणतंय कोण! 'टार्गेट करणं' मिश्रण धरायचं की आता ते मराठीच? आणि इंग्रजीला वेगळं काढायचं, तर फारसीतून आलेल्या 'वकील', 'तारीख', 'सरकार' यांना का सोडायचं? शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी 'दिनांक' रुजवला, तरी कोर्टात आपल्याला तारीखच पडते.

मग मोजणी सोडली. फिलिप मायरिंग या जर्मन अभ्यासकाने 1983 साली गुणात्मक आशयविश्लेषणाची एक रीत मांडली, ती धरली. इंग्रजी शब्द किती, यापेक्षा बोलणारा नेमका तिथेच भाषा का बदलतो, हे बघायचं. त्या कारणांचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गाची व्याख्या लिहायची, नमुन्याचं एक वाक्य ठेवायचं, शेजारच्या वर्गाची हद्द कुठे लागते तेही लिहायचं. थोडा मजकूर झाला की मागे येऊन सगळं पुन्हा तपासायचं. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला सांगू.

माझा पहिला वर्ग होता 'रुबाबासाठी इंग्रजी'. तो इतका ऐसपैस, की सगळंच त्यात मावायचं. माझी एक विद्यार्थिनी वेगळी बसून त्याच पानांतली वाक्यं वर्गांत बसवत होती. आमचं जुळेचना. शेवटी ती म्हणाली, "सर, हा माणूस रुबाब करत नाहीये, पळतोय."

शब्द थोडे बदलून एक नमुना देतो. निवेदक विचारतो, "चूक झाली हे तुम्ही मान्य करता का?" प्रवक्ता म्हणतो, "आम्ही मराठीच्याच बाजूचे आहोत, पण पॉलिसी लेव्हलला वी हॅव टू सी द लार्जर पिक्चर."

हा 'वी' कोण? मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की आत येतो. तोंड उघडलं की निवड करावीच लागते. इंग्रजी 'वी' आणि हिंदी 'हम' यांना हा हिशोब द्यावा लागत नाही. चूक पदरात घ्यायची वेळ आली की 'आम्ही' म्हणवत नाही, आणि 'आपण' म्हटलं तर लोक हसतील. तेव्हा 'वी' कामी येतो. उलट समोरच्याला झोडपायचं असलं की हाच माणूस अस्सल मराठीत, म्हणींसकट बोलतो. त्या सगळ्या पानांतून मला सापडलं ते एवढंच, पण मी खूश आहे.

प्रत्येक इंग्रजी वाक्य म्हणजे पळवाट नव्हे, हेही खरं. एखादा वकील 'आर्टिकल 350ए' (राज्यघटनेतलं मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं कलम) म्हणतो, कारण त्याने कायदा इंग्रजीतच वाचलाय. त्याच्यासाठी वेगळा वर्ग केला.

आणि हो, भाषा मिसळण्याच्या या विषयात तुझं सांगलीजवळचं कुपवाड जगप्रसिद्ध आहे! गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी 1971 मध्ये तिथल्या मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगूवर लिहिलं. शतकानुशतकांच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की शब्द बदलले तरी सांगाडा तोच राहतो. तुझी आजी शेजारणीशी कन्नडात सुरू होऊन मराठीत संपायची ते आठवतं? आपण तिला हसायचो. तिला मात्र कुणापासून पळायचं नव्हतं.

महापालिकेची निवडणूक लागली की चार दिवस तुझ्याकडे मुक्कामाला येतो. कॉर्नर सभा ऐकायच्या आहेत. कॅमेरा नसला, समोर ओळखीची माणसं बसली, की उमेदवार 'आपण' कुठे म्हणतो ते बघायचंय. वहिनींना सांग, भडंग मात्र तिखट हवा.

तुझा,
अव्या