बंदोबस्तात स्थानिक हवालदाराची जोड हवी

महोदय,

गणेश विसर्जनासाठी परजिल्ह्यांतून जादा पोलीस बोलावण्याची बातमी आपल्या अंकात वाचली. कुमक हवीच, पण बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. बाहेरून आलेल्या शिपायाला कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या गल्ल्या ठाऊक नसतात, अनेकदा मराठीही कळत नाही. मग वाट मोकळी करण्याची साधी विनंतीही लोकांना दरडावणी वाटते. अशा प्रत्येक शिपायाला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जाणणारा स्थानिक हवालदार जोडून द्यावा आणि ही जोडी रात्रभर मोडू नये. चौकात मंडळ अडले तर कोणी कोणाला कळवायचे, हे हजेरीच्या वेळीच ठरावे. बंदोबस्त उठल्यावर काय चुकले, तेही शिपायाला साहेबांसमोर न कचरता सांगता आले पाहिजे. गर्दीचा रेटा आधी त्यालाच जाणवतो. तेवढा विश्वास बसायला अधिकारीही टिकावा लागतो. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठाणेप्रमुखांना किमान दोन वर्षे मुदत देण्यास सांगितले होते. यंदाच्या आखणीत पोलीस आयुक्तालयाने निदान जोड्यांचा विचार करावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव