दादा, एकदा मास्टरच्या घरी जाऊन ये

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, आईला सांग मी वेळेवर जेवतो आणि गुडघ्याचं तेल पुढच्या आठवड्यात येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय.

रविवारी फोनवर तू मास्टरचं सांगितलंस आणि मग एकदम गप्प झालास, मला पण काही सुचलं नाही. अकरा वर्षं आपल्या वाजंत्री पार्टीत बेंजो वाजवणारा माणूस, आणि गणपतीला दीड महिना राहिला असताना दुसऱ्या पार्टीची उचल घेऊन गेला. तू म्हणालास आता त्याचं तोंड बघणार नाही. फोन ठेवल्यावर माझा दिवस सगळा त्यातच गेला. फोनवर आपलं बोलणं लगेच चढतं म्हणून लिहून पाठवतोय, मोबाईलवर आलं तरी पत्रासारखं सावकाश वाच.

त्याच दिवशी रात्री मी इथे नॅशव्हिलमध्ये स्टेशन इन नावाच्या गाण्याबजावण्याच्या ठिकाणी गेलो होतो. तुला व्हिडिओ कॉलवर दाखवलेलं बघ, आजूबाजूला काचेच्या मोठमोठ्या बिल्डिंगी आणि मधेच ते बसकं जुनं दगडी घर, १९७४ ला दुसऱ्या जागी सुरू झालं आणि १९७८ पासून या घरात आहे. रविवारी तिथे जॅम असतो, म्हणजे ज्याला वाजवायचंय तो आपलं वाद्य घेऊन येतो आणि गोलात बसतो, तिकीट नाही काही नाही. बँजो, मँडोलिन, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, गिटार आणि उभा मोठा बास. इथला बँजो आपल्या बेंजोसारखा नसतो, हे तुला आधी पण सांगितलंय. आपल्याला टाईपरायटरसारखी बटणं, यांना लांब मान आणि डफासारखं गोल तोंड, पाच तारा, बोटात नख्या घालून वाजवतात. पण नाव एकच म्हणून मी पहिल्यांदा बोर्ड वाचून आत शिरलो आणि तेव्हापासून जातोय. या संगीताला ब्लूग्रास म्हणतात.

तिथे बसलो की माझ्या एक गोष्ट नेहमी लक्षात यायची, दोन वर्षांपूर्वी एका बँडबरोबर बघितलेला माणूस आज दुसऱ्याच बँडबरोबर, आणि त्याच्या जागेवर तिसरा. सुरुवातीला वाटायचं की यांची रोज भांडणं होत असतील. नंतर वाचायला लागलो, लोकांशी बोललो, तेव्हा कळलं की भांडण हे कारण फार कमी वेळा असतं. तेच तुला सांगायचंय.

या संगीताचा बाप म्हणजे बिल मन्रो, केंटकीचा, जन्म १९११ चा. तो आधी सख्ख्या भावाबरोबर गायचा, दोघांची जोडी चांगली नावारूपाला आलेली, आणि १९३८ मध्ये दोघं वेगळे झाले. मग त्याने स्वतःचा बँड काढला, नाव ठेवलं ब्लू ग्रास बॉइज, आणि त्या बँडच्या नावावरून अख्ख्या संगीताचं नाव पडलं. १९३९ पासून नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओच्या कार्यक्रमात होता, १९९६ ला वारला. एवढ्या वर्षांत त्याच्या बँडमधून दीडशेच्या वर माणसं येऊन गेली. दीडशे, दादा! आपल्याकडे बारा वर्षांत नऊ बदलली तर तू म्हणतोस आपल्या पार्टीला कुणाची दृष्ट लागली.

का जायची ते बघ. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज नावाचा पोरगा आला, वय २१, त्याआधी सूतगिरणीत कामाला होता, आपल्या इचलकरंजीच्या पोरांसारखा. तीन बोटांनी बँजो असा वाजवायचा की लोक खुर्चीवरून उठायचे. गिटारला आणि गाण्याला लेस्टर फ्लॅट. आजही जॅममध्ये जे वाजतं ते त्या बँडने घालून दिलेल्या वाटेनेच वाजतं. पण त्यांचा आठवडा कसा असायचा, शनिवारी रात्री ऑप्रीवर वाजवायचं, मग गाडीत बसून दुसऱ्या राज्यात, रोज वेगळं गाव, तेव्हा आतासारखे हायवे नव्हते, झोप गाडीतच बसल्या बसल्या, आणि पुढच्या शनिवारी काही झालं तरी परत नॅशव्हिलला हजर. याचे आठवड्याला ६० डॉलरच्या आसपास. स्क्रग्जची आई गावाकडे एकटी होती आणि तो रस्त्याला कंटाळला होता. १९४८ च्या सुरुवातीला तो निघाला, काही आठवड्यांच्या अंतराने फ्लॅट पण निघाला, आणि मग दोघांनी मिळून स्वतःचा बँड काढला.

मन्रोला वाटलं दोघांनी ठरवून दगा दिला. त्याने बोलणं बंद केलं. पुढे हे दोघं ऑप्रीवर यायला लागले तर त्याने विरोध केला, तरी १९५५ मध्ये ते आलेच, आणि मग बघ, एकाच स्टेजवर एकाच रात्री वाजवणारी माणसं, एकाच बोळातून ये-जा करणारी, आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी शब्द नाही. १९७१ मध्ये मन्रोच्याच बीन ब्लॉसम या गावातल्या फेस्टिवलला फ्लॅट आला, तेव्हा दोघांनी हात मिळवले आणि एकत्र गायले. तेवीस वर्षं गेली मधे. आठ वर्षांनी फ्लॅट वारला. मी हे वाचलं तेव्हा मला नुसतं नवल वाटलं होतं, पण रविवारी तुझं बोलणं ऐकल्यावर तेच पुन्हा आठवलं आणि पोटात गोळा आला.

आता माझ्या शेजाऱ्याचं सांगतो. आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहतो, सात वर्षं एका टूरवर फिरणाऱ्या बँडमध्ये बँजो वाजवायचा, आता घरोघरी एसी दुरुस्त करतो. मी त्याला एकदा सरळच विचारलं, सोडलंस का? त्याने मला पायरीवर बसवून हिशोब सांगितला. बँड पाच जणांचा. आलेल्या पैशातून आधी गाडीचं डिझेल, मग हॉटेल, मग कार्यक्रम मिळवून देणाऱ्या एजंटचा वाटा, आणि गाडीचा हप्ता तर शो असो नसो चालूच. उरतं ते वाटायचं. ज्या दिवशी शो त्या दिवसाचे पैसे, मधले रिकामे दिवस आपले आपण. उन्हाळाभर फेस्टिवल असतात, डिसेंबर ते मार्च जवळजवळ शुकशुकाट. आपल्याकडे लगीनसराई, गणपती आणि नवरात्र संपलं की कसं होतं, तसंच.

आणि एक गोष्ट इथली वेगळी, जी आपल्याला पटकन कळत नाही. इथे दवाखान्याचा खर्च एवढा असतो की इन्शुरन्सशिवाय माणूस उभा राहू शकत नाही, आणि चांगला इन्शुरन्स बहुतेकांना नोकरीतूनच मिळतो. बँडमध्ये वाजवणारा नोकर धरला जात नाही, तो कंत्राटी. मग बायकोची नोकरी असेल तर तिच्या इन्शुरन्सवर घर चालतं. शेजाऱ्याची बायको बाळंतपणाला घरी बसली आणि तिची नोकरी सुटली, संपलं. तो म्हणाला मी बँड सोडला नाही, मला घराने बोलावून घेतलं. बँजो अजून भिंतीला आहे त्याच्या, रविवारी माझ्याबरोबर जॅमला येतो, आणि काय वाजवतो दादा! तू ऐकलास तर त्याला लगेच आपल्या तासगावच्या गणपतीच्या रथाच्या मिरवणुकीत उभा करशील.

मन्रोकडेच केनी बेकर म्हणून फिडलवाला होता, कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस. मन्रोला तो फार आवडायचा. १९५७ ला पहिल्यांदा आला, पण पगार पुरेना म्हणून सोडून परत खाणीत, मग पुन्हा बँडमध्ये, पुन्हा खाणीत, असं झालं. जमिनीखाली जाऊन कोळसा काढणं परवडलं पण फिडल वाजवणं परवडलं नाही, विचार कर. पण मला यातलं महत्त्वाचं काय वाटतं सांगू, तो परत आला की मन्रोने प्रत्येक वेळी त्याला घेतला. शेवटी १९६८ ला आला तो १९८४ पर्यंत टिकला, आणि मन्रोची कितीतरी चांगली रेकॉर्डिंग त्याच्याबरोबरची आहेत. दार बंद केलं असतं तर ती झालीच नसती.

दुसऱ्या जातीचं जाणं पण असतं, जिथे माणूस कमी पडत नाही तर जास्त होतो. १९७५ मध्ये जे. डी. क्रो नावाच्या बँजोवाल्याच्या बँडमध्ये टोनी राईस, रिकी स्कॅग्ज, जेरी डग्लस एकाच वेळी होते. ही नावं तुला माहीत नसतील, पण समज एकाच पार्टीत जिल्ह्यातले सगळे नंबर एकचे मास्टर. एक अल्बम केला, आज पन्नास वर्षांनी पण लोक तो ऐकून शिकतात, आणि त्याच वर्षी बँड फुटला. राईस कॅलिफोर्नियाला गेला, स्कॅग्ज आणि डग्लसने दुसरा बँड काढला. तिघंही पुढे स्वतःच्या नावाने मोठे झाले. क्रो मात्र आपला बँड चालवत राहिला, नवीन पोरं घेतली, त्यांना तयार केली. इथले लोक अशा बँडला शाळा म्हणतात. आणि शाळेतून पोरं बाहेर पडणारच की.

बरं, सोडून जाणं यांना जमतं याचं अजून एक कारण आहे. शेकडो गाणी सगळ्यांना सारखीच पाठ असतात. कुणाची आई आजारी पडली की एक फोन, आणि दुसरा माणूस संध्याकाळी स्टेजवर उभा, रिहर्सल नाही तरी चालतं. अवघड जातं ते गळ्याचं. तिघांनी मिळून गायचं असतं, त्यातला वरच्या सुराचा माणूस गेला की सगळ्या गाण्यांची पट्टी बदलते, बाकीच्या दोघांना आपापला सूर नव्याने बसवावा लागतो. म्हणून गाणारा गेला की बँड महिनोन् महिने लंगडतो. मास्टर नुसता वाजवत नव्हता, तो ढोलकीवाल्याला आणि कच्छी ढोलवाल्याला नजरेने इशारा द्यायचा, तुला माईकवर कुठे थांबायचं ते पण तोच सांगायचा. तुझी पट्टीच बदलली आहे, मला कळतंय ते. तुला राग आला त्यात तुझं काही चुकलं नाही.

न फिरता पण काही जणांनी करून बघितलं. वॉशिंग्टनजवळ १९७१ मध्ये सेल्डम सीन नावाचा बँड झाला, त्यातला एक सर्जन, एक गणितवाला, एक नकाशे काढणारा. नोकऱ्या सांभाळून आठवड्यातून एक रात्र वाजवायचे. तरी सर्जन १९७७ मध्ये दवाखान्यासाठी गेलाच, पण बँड चालू राहिला. आणि डेल मॅककोरी म्हणून आहेत, तरुणपणी मन्रोकडे होते, त्यांनी पुढे स्वतःची दोन पोरं बँडमध्ये घेतली. त्यांचा फिडलवाला १९९२ ला आला आणि ३३ वर्षं राहिला. २०२५ मध्ये स्वतःचं काही करायचं म्हणून तो पण निघाला. पोटच्या पोरांसारखा राहिलेला माणूस पण एक दिवस निघतो.

आता मास्टरचं. तू मला सांगितलं नाहीस पण वहिनी बोलली, त्याची पोरगी अकरावीला सांगलीत होस्टेलला ठेवलीय. नवीन पार्टीवाले त्याला वर्षभर महिन्याला ठराविक देणार आहेत, ऑर्डर असो नसो. आपण देऊ शकत होतो का? तुझ्यावर टेम्पोचा हप्ता आहे, स्पीकरचे पैसे अजून फिटले नाहीत, मला सगळं माहीत आहे. तू त्याला कमी दिलंस असं मी म्हणत नाहीये. तुझ्याकडे नव्हतं, आणि त्याला लागत होतं, एवढंच झालंय.

आणि तू विसरलास का, तू स्वतः अण्णांची पार्टी सोडून आपली काढलीस तेव्हा अण्णा किती दिवस बोलले नाहीत. बाबा गेले तेव्हा ते दारात आले, आणि तू त्यांच्या गळ्यात पडून रडलास. मी तेव्हा आठवीत होतो, मागे उभा होतो.

मास्टरकडच्या पोराला, जो त्याच्या हाताखाली शिकत होता, त्याला या गणपतीला पुढे कर. चुकेल दोन-चार ठिकाणी, लोक समजून घेतील. स्क्रग्ज पण एकवीसचाच होता. रथाच्या दिवशी तासगावात दोन्ही पार्ट्या असणार, तेव्हा मिरवणुकीत समोरासमोर येण्याआधीच भेटून घे, नाहीतर हजार लोकांत एकमेकांकडे न बघता वाजवत बसाल आणि ते मला इथे मोबाईलवर बघवणार नाही.

नवीन ॲम्प्लिफायरसाठी महिनाअखेर थोडे पैसे पाठवतो, नको म्हणू नकोस. रथाचं रेकॉर्डिंग नक्की पाठव, शेजाऱ्याला ऐकवायचंय, तो कधीपासून विचारतोय की बटणांचा बँजो कसा वाजतो.

मास्टरकडे जाशील तेव्हा आईला बरोबर घेऊन जा. तिच्यासमोर तुम्ही दोघंही आवाज चढवत नाही.

तुझा,
धाकटा